खारेपाटातील चरी : एका लहान गावाचा भूगोल व इतिहास

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात अलिबाग येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मला आपल्या भागातील एखाद्या गावाची माहिती सांगण्याची आज्ञा केली. गाव कोणता घ्यावा याचा विचार करीत असता माझ्यापुढे साहजिकच प्रथम अलिबागचे नाव आले. परंतु अलिबागचा इतिहास सांगावयास माझ्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाची आवश्यकता नाही. येथे समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराची कीर्ती शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. १९०४ साली सुरू झालेली चुंबकीय वेधशाळा पाहण्यास दूरदूरचे विद्वान येतात. आंग्र्यांचे संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केले, १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण ठरले. ज्या गावास किल्ला, कचेरी व नगरपालिका असते, त्या गावाची दप्तरे असतात आणि जेथे दप्तर असते तेथे इतिहास लिहिणारा आज ना उद्या येतोच.

मी आज ज्या गावाविषयी बोलणार आहे, त्या गावास यांपैकी काहीही नाही. त्या गावाचे नाव चरी. आपल्याच अलिबाग तालुक्यातील, पोयनाडच्या बाजूस खारेपाटात वसलेले हे लहानसे खेडे. तेथे किल्ला नाही, राजवाडा नाही, नगरपालिका नाही. परंतु १९३३ पासून १९३९ पर्यंत सलग सहा वर्षे या गावाचे व आसपासच्या गावांचे नाव मुंबई इलाख्याच्या राजकारणात गाजत होते. चरीचा शेतकरी संप आपणांपैकी पुष्कळांनी ऐकलेला आहे. दरवर्षी २७ ऑक्टोबर रोजी तेथे त्याचे स्मरणही होते. तथापि संपाचा इतिहास सांगताना आपण बहुधा त्याच्या भूगोलाकडे दुर्लक्ष करतो. हा संप खारेपाटातच का झाला आणि तो सहा वर्षे कसा टिकला, याचे पुष्कळसे उत्तर तेथील मातीत व पाण्यात आहे, असे माझे मत आहे. तेव्हा आरंभ भूगोलापासून करतो.

आपण अलिबागेहून पूर्वेस पेणच्या रस्त्याने निघालो म्हणजे प्रथम कार्लेखिंड लागते. या खिंडीच्या पश्चिमेस आपले अष्टागर. थळ, किहीम, आक्षी, नागाव, चौल या गावांची वालुकामय जमीन, नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरींना गोडे पाणी आणि घरापुढे सावली. खिंड ओलांडून पोयनाडच्या बाजूस उतरताच देखावा पालटतो. डोंगर मागे राहतात आणि समोर धरमतरच्या खाडीपर्यंत सपाट, उघडा, झाडे विरळ असलेला प्रदेश पसरतो. हाच खारेपाट. पावसाळ्यात तो हिरव्यागार भाताने भरलेला असतो. परंतु चैत्र-वैशाखात त्याच जमिनीस भेगा पडतात आणि खालचा क्षार वर येऊन तिच्यावर पांढरा थर दिसू लागतो. पावसाचे मान दोन हजार मिलिमीटरांहून अधिक असूनही उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी येथील स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या हंडे घेऊन पायपीट केलेली आहे. खिंडीच्या अलीकडे व पलीकडे असा हा एकाच तालुक्याचा फरक आहे.

खारेपाटाची जीवनरेखा म्हणजे अंबा नदी आणि ती जिला मिळते ती धरमतरची खाडी. अंबा सह्याद्रीत उगम पावून पाली व नागोठणे या गावांवरून वाहत येते. नागोठण्याच्या पुढे तिच्यात समुद्राचे पाणी शिरते आणि ती नदी न राहता खाडी होते. दिवसातून दोन वेळा भरती, दोन वेळा ओहोटी. आपल्या वाडवडिलांपाशी छापील कोष्टके नव्हती, परंतु भरतीची वेळ काढण्याचे गणित त्यांना तोंडपाठ होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी व तेवढे तास बारा वाजल्यानंतर मोजावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता. मिनिटांचा थोडाफार फरक पडेल, परंतु शेतावर जाणाऱ्यास तेवढे पुरे. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, ती बेताची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, आणि त्या वेळी भरती-ओहोटीच्या पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. खारेपाटातील शेते या उधाणाच्या पातळीच्या खाली आहेत. हे एक वाक्य आपण ध्यानात ठेवावे. पुढील सर्व कथन त्यावर अवलंबून आहे.

शेत समुद्राच्या पातळीखाली आणि तरीही त्यात भात पिकतो, याचे कारण बांध. मूळची ही जमीन खाजण होती. भरतीचे पाणी तिच्यावर येई व जाई. तिवरांची झाडे व चिखल यांखेरीज तेथे काही नव्हते. आपल्या पूर्वजांनी खाडीच्या काठाने चिखलाचेच पेंड काढून, एकावर एक रचून, लांबच लांब बांध घातला. त्याच्या बुडाशी ठिकठिकाणी उघाड्या ठेवल्या. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली आणि आत पावसाचे पाणी साचलेले असले, म्हणजे ते पाणी झडप लोटून बाहेर जाते. किती साधी योजना आणि किती विचाराची! तिला इंधन लागत नाही की पहारेकरी लागत नाही. मात्र झडपेत काटकी अडकली किंवा लाकूड कुजले, तर एका रात्रीत सारे शेत खारे होते. म्हणून उघाडीवर गावाची नजर सदैव असे.

बांध झाला म्हणजे लगेच शेत झाले असे नव्हे. आतील जमिनीतील क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन काढावे लागतात. पाऊस पडावा, पाणी शेतात उभे राहावे, क्षार त्यात विरघळावे आणि ओहोटीच्या वेळी ते पाणी उघाडीतून सोडून द्यावे. असे एक नव्हे, अनेक पावसाळे करावे लागते. आरंभी केवळ गवत उगवते. मग खारे पाणी सोसणारा जाडा तांबडा भात येतो. आणि पुष्कळ वर्षांनी जमीन चांगली होते. पेरणीची रीतही वेगळी. वरकस भागाप्रमाणे रोपे लावण्याऐवजी मोड आणलेले बी चिखलात फेकतात, त्यास ‘रहू’ म्हणतात. पुढे पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ अशा क्षार सोसणाऱ्या जाती तयार केल्या. परंतु त्या केंद्राच्या पुष्कळ आधी आपल्या अक्षरशून्य आजोबांनी बियाण्याची निवड करून हेच कार्य चालविलेले होते.

‘आगरी’ हे आपले नाव ‘आगर’ या शब्दावरून आले, हे आपण जाणतोच. मीठ पिकविणारे ते मिठागर. ज्या लोकांस खाऱ्या पाण्यापासून मीठ काढण्याचे ज्ञान होते, त्याच लोकांस जमिनीतून मीठ घालवून भात पिकविण्याचे ज्ञान होते, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. भाताबरोबर मासळी हे येथील दुसरे अन्न. घरोघरी लहान तळे, आणि खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले त्यात सोडलेली. पाहुणा आला की तळ्यात जाळे पडे. खारेपाटाचा जिताडा आजही प्रसिद्ध आहे. तोच जिताडा पूर्वी सावकाराच्या व अधिकाऱ्याच्या दारी निमूटपणे पोहोचवावा लागे, हेही विसरता कामा नये.

आता आपण भूगोलातून इतिहासात येतो. ही जमीन निसर्गाने दिलेली नव्हे. ती माणसांनी केलेली आहे, आणि दरवर्षी राखलेली आहे. तर मग तिचा मालक कोण?

हॉलंड देशाची माहिती आपण शाळेत शिकतो. तेथेही समुद्रसपाटीखालील जमीन बांध घालून शेतीस आणलेली आहे. तेराव्या शतकापासून तेथील लोकांनी बांध व पाणी यांची व्यवस्था पाहण्यासाठी स्वतंत्र मंडळे नेमली व ती आजही कार्य करीत आहेत. तेथे जुन्या काळी असा दंडक होता की ज्याच्या वाट्याचा बांध दुरुस्त करणे त्यास अशक्य झाले, त्याने आपली कुदळ बांधात रोवून निघून जावे; जो ती कुदळ उपटून बांध राखण्याचे पत्करील, जमीन त्याची होई. म्हणजे बांध राखणारा तो मालक. आमच्या खारेपाटात नेमके याच्या उलट झाले होते. बांध राखी तो कूळ, आणि बांधावर ज्याचे पाऊलही पडत नसे तो मालक.

हे कसे घडले? कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली व्यवस्थेत ‘शिलोत्री’ म्हणून एक प्रकार आढळतो. खाजणास बाहेरचा बांध घालण्याची जबाबदारी शिलोत्रदाराने घ्यावी आणि त्या बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून बिघ्यामागे ठराविक भात घ्यावे, अशी ती पद्धत. आरंभी यात देवघेवीचा काही न्याय होता. परंतु काळ जसा लोटला तसा घेण्याचा हक्क राहिला आणि देण्याचे कर्तव्य मागे पडले. याच्या जोडीला खोती होती. खोत म्हणजे सरकार व रयत यांमध्ये उभा असलेला, गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मनुष्य. सरकारास सारा वेळेवर मिळाला म्हणजे तो रयतेकडून काय घेतो याची चौकशी करण्याचे कोणास प्रयोजन नव्हते. पिकाचा निम्मा आणि पुष्कळदा त्याहून अधिक भाग खंड म्हणून जाई. वर्ष वाईट गेले तरी खंड कमी होत नसे; बाकी राही, बाकीवर व्याज चढे. कुळाने दिलेल्या धान्याची पावती नसे, कागदावर त्याचे नाव नसे. शिवाय खोताच्या घरी वेठ, सणावारी नजराणा, आणि मघाशी सांगितला तो जिताडा. ज्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही त्यास एका शब्दाने जमिनीवरून काढता येई. त्याच्या बापाने, आज्याने तो बांध डोक्यावर चिखल वाहून उभा केला, याची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

या अन्यायाविरुद्ध उठलेला पुरुष खारेपाटाच्याच मातीतला होता. ढेरंड गावचे नारायण नागू पाटील. त्यांच्याविषयी आपणांस मी नव्याने काय सांगावे! गावोगाव पायी फिरून त्यांनी कुळांना एकत्र केले. त्यांच्या खांद्यास खांदा लावून भाई अनंत चित्रे यांनी कार्य केले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि संपाचा निर्णय झाला. आसपासची पंचवीस गावे त्यात सामील झाली. मागण्या काय होत्या? खंड वाजवी असावा, दिल्या धान्याची पावती मिळावी, वेठ बंद व्हावी, कूळ म्हणून नाव लागावे. आज या मागण्या वाचताना असे वाटते की यात मागण्यासारखे काय होते? परंतु त्या काळी पावती मागणे हेच बंड होते.

संपाचे स्वरूप अत्यंत साधे होते. जमीन कसावयाची नाही. कोणाच्या घरावर चाल करून जावयाची नाही, कोठार लुटावयाचे नाही. केवळ नांगर धरावयाचा नाही. गिरणीचा संप झाला तर यंत्रे बंद राहतात आणि संप मिटताच पुन्हा चालू होतात. परंतु खारीच्या जमिनीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावर मेहनत थांबली की ती पूर्वस्थितीकडे जाऊ लागते. मालकाच्या हाती कागद होता, परंतु कागदाने उधाण अडत नाही. म्हणून मी आरंभी म्हणालो की हा संप खारेपाटात झाला यास भूगोलाचे कारण आहे. कुळांपाशी पैसा नव्हता, शिक्षण नव्हते, वकील नव्हता. परंतु त्यांच्यावाचून ही जमीन शेत म्हणून टिकू शकत नाही, हे त्यांस व त्यांच्या पुढाऱ्यांस पुरतेपणी ठाऊक होते.

परंतु बंधुभगिनींनो, मालकाचे शेत पडीक राहिले तर त्याची तिजोरी काही काळ पुरते. कुळाची चूल मात्र त्याच दिवशी विझू लागते. सहा वर्षे हा शब्द आपण सहज उच्चारतो. एका वर्षाचे भात घरात नसले तर संसाराची काय दशा होते, हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्यास सांगावयास नको. चरी व आसपासच्या गावांतील लोकांनी डोंगरावरून लाकूडफाटा आणला, मोळ्या विकल्या, खाडीत मासे व चिंबोऱ्या धरल्या, रानातील फळे बाजारात नेली, मिळेल ती मजुरी केली. या कष्टांत स्त्रियांचा वाटा निम्म्याहून अधिक होता असे मी म्हणेन. संपाच्या सभांतील भाषणांची वर्णने छापली गेली. परंतु डोक्यावर मोळी घेऊन बाजाराची वाट चालणाऱ्या त्या माउलींचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तरीही फूट पडली नाही. मला वाटते, संपाचे खरे सामर्थ्य या न फुटण्यात आहे. आणि एकजुटीची ही सवय लोकांस बांधाने लावलेली होती. बांधास खांड पडली म्हणजे ती कोणाच्या शेतापुढे पडली हे कोणी विचारीत नसे. रात्री हाक आली की गाव फावडी घेऊन धावे, कारण एका खांडीतून शिरलेले पाणी सर्वांचीच शेते बुडवी.

या चळवळीस मोठ्या पुरुषांचा आधार लाभला. १६ डिसेंबर १९३४ रोजी चरी येथे भरलेल्या शेतकरी परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले व त्यांनी मार्गदर्शन केले. खारेपाटातील एका खेड्यात त्या वेळी ते आले, ही घटना लहान नव्हे. पुढे १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी त्याच मागणीसाठी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर गेला. १९३७ सालीच नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले आणि ज्यांचे नाव पावतीवरही नसे त्यांची गाऱ्हाणी छापील अक्षरांत येऊ लागली. १९३९ साली मुंबई सरकारने कुळांस संरक्षण देणारा पहिला कायदा केला. त्याच वर्षी हा संप संपला. त्यानंतर १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कसणारा तो मालक, हे तत्त्व अखेर कायद्याच्या पुस्तकात आले. आज ज्याच्या घरी सातबाराचा उतारा आहे, त्याने तो उतारा तलाठ्याच्या कचेरीतून आला असे समजू नये. तो चरीहून आला आहे.

येथे एक गोष्ट मी स्पष्टपणे सांगू इच्छितो. आपण ज्ञातीच्या व्यासपीठावर जमलो आहोत. संपात सामील झालेल्यांपैकी बहुसंख्य आपले ज्ञातिबांधव होते आणि त्यांचे नेते नारायण नागू पाटील हेही आपलेच, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांचाही आपण असाच अभिमान बाळगतो. परंतु अनंत चित्रे आपल्या ज्ञातीचे नव्हते, बाबासाहेब आपल्या ज्ञातीचे नव्हते, आणि संपातील सर्व कुळेही एकाच ज्ञातीची नव्हती. चरीचा लढा कूळ या नात्याने लढला गेला म्हणूनच तो जिंकला गेला. ज्ञातीचा अभिमान या सत्यास झाकणारा नसावा.

आता मी वर्तमानाकडे वळतो.

१९४८ साली खार जमिनींविषयी कायदा झाला व पुढे १९७९ साली महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम आला. बांधांच्या योजना सरकारने हाती घेतल्या. हेतू निश्चितच चांगला होता. गरीब कुळांच्या डोक्यावरील भार हलका व्हावा, बांध अधिक मजबूत व्हावेत, ही इच्छा त्यामागे होती आणि काही काळ तसा लाभही झाला. परंतु त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. बांध सरकारचा झाला आणि गावाची फावडी पडवीत टांगली गेली. पूर्वी बोटाएवढे भोक दिसले तर पाहणारा तेथेच पेंड टाकून ते बुजवी. पुढे भोक दिसले की अर्ज लिहिला जाऊ लागला. अर्ज कचेरीत पोहोचतो, कागद फिरतो, मंजुरी येते. परंतु उधाण कोणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. तरुण मंडळी नोकरीनिमित्त मुंबई-पनवेलकडे किंवा जवळच्या कारखान्यांत गेली. त्यात गैर काही नाही. नोकरीने घरे पक्की झाली, मुले शिकली. परंतु बांधावर जाणारी पावले कमी झाली, हेही तितकेच खरे.

परिणाम आपण डोळ्यांनी पाहत आहोत. खारेपाटात खाडीलगतची कितीतरी शेते बांध फुटून नापीक झाली आहेत. जेथे भाताचे उडवे रचले जात तेथे आज खाऱ्या पाण्यात तिवरे उभी आहेत. तिवरांविषयी माझ्या मनात वैर नाही. बांधाच्या बाहेर ती असावीतच; लाटेचा मारा ती आपल्या अंगावर घेतात, मासळीस आसरा देतात आणि बांध वाचवितात. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. प्रश्न आहे तो बांधाच्या आत, सातबाराच्या शेतात उगवलेल्या तिवरांचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवने तोडण्यास मनाई केली, आणि जमीन खाजगी असली तरी ती मनाई लागू आहे. म्हणजे खांड वेळेवर न बुजविल्यामुळे एकदा शेतात कांदळवन वाढले की तेथे पुन्हा नांगर चालविणे जवळजवळ अशक्य होते. पूर्वी बांध फुटला तर दोन-चार वर्षांचे पीक बुडे. आज बांध फुटला तर शेतच जाते. १९३३ साली कुळांनी जमीन सहा वर्षे पडीक ठेवली ती मिळविण्यासाठी. आज ती पडीक राहते आहे ती कायमची जाण्यासाठी.

याच्या पाठोपाठ येतो तो विक्रीचा प्रश्न. नापीक जमीन घरात ठेवून काय करावयाचे, असे म्हणून ती विकली जाते. धरमतरच्या खाडीवर कारखाने व बंदरे झाली, जमिनीस भाव आले. विक्री करणाऱ्या प्रत्येकास मी दोष देणार नाही. मुलीचे लग्न, आजारपण, मुलाचे शिक्षण या गरजा कोणाच्या घरी नाहीत? परंतु खारेपाटातील जमिनीचा एक विशेष आहे, तो विकणाऱ्याने ध्यानात घ्यावा. डोंगराकडील शेत विकले तर शेजाऱ्याचे नुकसान होत नाही. खारीतील बांधालगतचे शेत विकले आणि घेणाऱ्याने बांधाकडे पाठ फिरविली, तर त्याच्या मागील दहा जणांची शेते धोक्यात येतात. येथे सातबारा वेगवेगळा असला तरी बांध एक आहे. पेण तालुक्यातील बावीस गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर आपले मत नोंदवून दाखविले. जमीन द्यावयाची की नाही, हे गावाने एकत्र बसून ठरवावे, एकेकट्याने नव्हे, हा त्यातील बोध आहे.

मग आपण काय करावे? केवळ खेद व्यक्त करून मी खाली बसलो तर या व्याख्यानाचा उपयोग नाही. आपल्या संस्थेपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी की खारेपाटातील प्रत्येक गावाची एक वही करावी. गावाच्या हद्दीतील बांध किती, उघाड्या किती व त्यांची नावे काय, कोणत्या साली कोठे खांड गेली आणि ती कोणी बुजविली, शेतांची जुनी नावे कोणती, तळी किती, हे सारे तीत लिहावे. संप पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. परंतु ज्यांनी आपल्या आईबापांच्या तोंडून त्या सहा वर्षांची हकीकत ऐकली, अशी वृद्ध मंडळी आपल्या घरोघरी आहेत. त्यांच्याजवळ बसून ती हकीकत उतरून घ्यावी आणि त्या मोळी वाहणाऱ्या स्त्रियांची नावे तरी वहीत यावीत. हे काम दहावी-बारावीची मुले सुटीत करू शकतील. त्यास खर्च जवळजवळ नाही.

दुसरी सूचना बांधाविषयी. २७ ऑक्टोबर हा दिवस आपण भाषणांनी साजरा करतो, तो तसा अवश्य व्हावा. परंतु त्या दिवशी सकाळी प्रत्येक गावातील घरटी एका माणसाने बांधावर एक फेरी करावी आणि जे भोक, जी कुजलेली झडप दिसेल ती त्याच आठवड्यात दुरुस्त व्हावी; तशीच दुसरी फेरी पावसाळ्यापूर्वी वैशाखात व्हावी. मोठ्या कामासाठी सरकारकडे मागणी करावीच, तो आपला हक्क आहे. परंतु मागणी करणाऱ्याच्या हाती गावाच्या वहीतील नोंद व सर्वांच्या सह्या असल्या, तर त्या मागणीस वजन येते. पावती मागण्यासाठी ज्यांनी सहा वर्षे उपास काढला, त्यांच्या नातवंडांनी नोंद ठेवण्याचा आळस करू नये.

तिसरी सूचना शिक्षकबंधूंना आहे. मुलांस हॉलंडचे बांध शिकवावेत, आनंदाने शिकवावेत. परंतु तो धडा संपला की वर्गास घेऊन जवळच्या उघाडीवर जावे. ओहोटीची वेळ तिथीवरून मुलांकडूनच काढवून घ्यावी, झडप उघडताना त्यांस दाखवावी आणि मग विचारावे की ही कोणी केली. ज्या मुलास या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे, ते मूल पुढे मुंबईस जावो की परदेशी जावो, आपल्या गावाची जमीन केवळ चौरस मीटरच्या भावाने मोजणार नाही.

लहान गावांचा इतिहास लिहिला जात नाही याचे कारण तो नसतो असे नव्हे. तो मातीत, बांधात व लोकांच्या स्मरणात असतो. बांध फुटला व वृद्ध माणसे गेली की तो नाहीसा होतो. चरीचे भाग्य असे की तिच्या इतिहासातील सहा वर्षे कागदावर आली. तिच्या आधीची शतके आणि नंतरची वर्षे लिहिण्याचे काम आपले आहे, आणि खारेपाटातील प्रत्येक गावाविषयी हेच म्हणता येईल.